रसेल काय म्हणतो?

खांब तलावाजवळच्या त्या कौलारू घरात चहा प्यायचा तर दोनदा हात धुवावे लागतात. एकदा आत शिरताना, कारण हाताला बाहेरची धूळ असते. आणि एकदा चहा झाल्यावर, कारण आता बिस्किटाचा चुरा असतो. दोन्ही वेळा टॉवेल गुरुजी स्वतः पुढे करतात आणि बोटांच्या बेचक्या पुसल्या की नाही ते वाकून बघतात. मगच बंडीच्या खिशातून कपाटाची किल्ली निघते.

गुरुजींचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं, ते निवृत्तीनंतर तिथंच राहिलं. भंडाऱ्यात ते ‘गॅझेटियर गुरुजी’. दूधवाल्यानं त्याचं ‘गॅजेट गुरुजी’ केलं, आणि तेव्हापासून महिन्यातून एखादा तरी पोरगा बंद पडलेला मोबाइल घेऊन दारात उभा राहतो. गुरुजी त्याला परत पाठवत नाहीत. आत बसवतात, हात धुवायला लावतात आणि गाव विचारतात. गाव सांगितलं की पोरगा अडकला.

“आंबागडच्या पायथ्याचा का तू? मग रसेल काय म्हणतो, ऐकून जा.”

हे त्यांचं पालुपद. वीज गेली, धानाचा भाव पडला, शेजारच्याची म्हैस हरवली, कुठलाही विषय निघो, गुरुजी दोन मिनिटं सौजन्यानं ऐकतात आणि मग म्हणतात, “ते असू द्या जी. रसेल काय म्हणतो?” पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, “पान काढू का?” या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. ते विचारतात तेव्हा त्यांचं बोट त्या पानात आधीच असतं.

रसेल म्हणजे रॉबर्ट व्हेन रसेल, आयसीएस. १९०८ साली निघालेलं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर त्याच्या संपादनाखालचं. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार जाडजूड खंडही त्यानं रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीनं लिहिले, ते १९१६ साली लंडनला मॅकमिलननं छापले. गुरुजी त्याच्याबद्दल बोलतात ते मात्र वर्ध्याला राहणाऱ्या एखाद्या मावसभावाबद्दल बोलावं तसं. “रसेल तसा हुशार. पण घाई फार.” एकदा मी विचारलं, तुमचा सगळ्यात जुना मित्र कोण? गुरुजी जरा विचारात पडले. आतून काकूंचा आवाज आला, “तोच मेला इंग्रज.”

काकूंचा राग समजण्यासारखा आहे. ते स्टीलचं कपाट त्यांच्या माहेरून आलेलं, साड्यांसाठी. आज साड्या पलंगाखालच्या पेटीत आहेत आणि कपाटात मध्य प्रांत आहे. वरच्या कप्प्यात चार्ल्स ग्रँटचं १८७० चं गॅझेटियर, त्याला टेकून कॅप्टन फोर्साइथचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’. खाली यादव माधव काळ्यांचा नागपूर प्रांताचा इतिहास, पवनीच्या उत्खननाचा अहवाल आणि महाराष्ट्र सरकारचं १९७९ चं गॅझेटियर. निम्मी पुस्तकं झेरॉक्स आहेत. पण गुरुजींनी ती लाल कापडात अशी बांधून घेतलीत की झेरॉक्स म्हणायला जीभ धजत नाही. अस्सल १९०८ ची प्रत एकच. ती नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर, वापरून झालेल्या गाइडांच्या ढिगाखाली सापडली. त्या दिवशी गुरुजी गेले होते काकूंच्या चष्म्याला काच बसवायला. चष्मा पुढच्या महिन्यात झाला. कपाटाचा एक पाय वाळवीनं गेल्यासारखा हलतो, त्याखाली पितळी गुंडाचं बूड ठोकून घातलंय. भंडाऱ्यात पितळेला तोटा नाही.

पितळेवरून एक सांगायलाच हवं. भांड्यांवरून भंडारा नाव पडलं असं कोणी गुरुजींसमोर म्हणू नये. एका पितळ व्यापाऱ्यानं दुकानाच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेत तसं छापलं होतं. गुरुजी पत्रिका घेऊन दुकानात गेले आणि रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात ‘भाणार’ असा उल्लेख आहे, हे गिऱ्हाइकांसमोर सिद्ध केलं. व्यापारी भला माणूस. म्हणाला, “गुरुजी, पुढल्या वर्षी दुरुस्त करतो.” गुरुजी दरवर्षी त्या तारखेला पत्रिका बघायला जातात. दरवर्षी चूक तशीच असते आणि दरवर्षी त्यांना पेढा मिळतो. माझा संशय असा की दोघांनाही हे आता चालू ठेवायचंय.

पुस्तक उसनं मिळतं, पण नोंद करून. नोंदवहीत रकाने आहेत: नाव, तारीख, परतीची तारीख, आणि शेवटचा रकाना ‘परत आल्यावरची प्रकृती’. मी एकदा १९७९ चं गॅझेटियर नेलं होतं. माझ्या नावापुढे लिहिलंय: “कोपरा दुमडलेला नव्हता. आता आहे.” पुढे काही नाही. त्या ‘आता आहे’त जे आहे ते माझ्या वडिलांनीही मला कधी सुनावलं नव्हतं.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. लोकांनी फटाके उडवले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. गुरुजींनी ते मान्य केलेलं नाही. “नकाशा फाटला, पुस्तक फाटलं नाही,” म्हणतात. १९०८ चं आणि १९७९ चं गॅझेटियर अखंड भंडाऱ्याचं, तेव्हा नवेगावबांध आपलं, नागझिरा आपलं, आमगाव-तिरोडा आपलं. तब्येत बरी असेल आणि ग्रँटचा खंड हाताशी असेल तर बालाघाटही आपलं, कारण १८६७ नंतर तो जिल्हा उभा करताना त्यात भंडाऱ्याचाही लचका तोडला गेला. गोंदियाचा जावई त्यांना भेटायला येतो तेव्हा गुरुजी विचारतात, “काय, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात प्रवास बरा झाला ना?”

सहलीला त्यांच्याबरोबर जाऊ नये. आम्ही एकदा गेलो, आंबागडला. तुमसरकडे सातपुड्याच्या टेकडीवर हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहा याच्या काळात राजाखान पठाणानं तो बांधला आणि पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. चढण फार नाही, पण वैशाखाचं ऊन. वर पोचलो, लेकरांनी पाण्याच्या बाटल्या उघडल्या, आणि नेमका तोच मुहूर्त साधून गुरुजींनी आतल्या विहिरीची गोष्ट काढली. कैद्यांना म्हणे त्या विहिरीचं सडकं पाणी पाजत, आणि मग कैदी फार दिवस टिकत नसे. माझ्या धाकट्यानं घोट तोंडातच धरून ठेवला. गिळेना, थुंकेना. गुरुजी खूश. “बघा, इतिहास कसा परिणाम करतो.” डबा मात्र त्यांनी आणला नव्हता. पिशवीत दोन खंड होते, पोळी नव्हती. आमच्यातलीच खाल्ली, आणि लोणच्याचा हात पुस्तकाला लागू नये म्हणून पुस्तक माझ्या बायकोला धरायला दिलं. तिला जेवता आलं नाही.

मुलाच्या लग्नाची गोष्ट तर नातेवाइकांत अजून सांगतात. मुलीकडचे पवनीचे. घर बघायला सहा माणसं आली. मुलाचा पगार विचारायचा म्हणून मुलीचे काका घसा खाकरत होते, तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, “पवनीत कुठं? जगन्नाथ टेकडीच्या अलीकडं की पलीकडं?” पुढचा दीड तास १९६९-७० चं उत्खनन चाललं. नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खातं यांनी मिळून केलेलं. जमिनीखालून निघालेले बौद्ध स्तूप. अजिंठ्याच्या आधीचं हे वैभव आणि आपल्या पोरांना तिकडून बस कधी सुटते तेही ठाऊक नाही. पोहे थंड झाले. शेवटी काका कंटाळून म्हणाले, “आम्ही लहानपणी त्या टेकडीवरून घसरगुंडी खेळायचो.” गुरुजी ताडकन उठले, वही आणली. कुठल्या बाजूनं? विटा लागायच्या का? केवढ्या? कोणी घरी नेल्या का? काकांना आयुष्यात कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. लग्न ठरलं. पगार किती, हे मुलीकडच्यांना साखरपुड्यात कळलं. आहेरात उत्खनन-अहवालाची प्रत होती, लाल कापडात.

एवढ्यावर मी त्यांना विनोदी माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या पुस्तकांना समास आहेत.

समासात पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात शेरे आहेत. ‘खरं.’ ‘खोटं.’ ‘विचारावं.’ ‘ही म्हण आजी म्हणायची.’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा: ‘साहेब घोड्यावर होता.’ याचा अर्थ मी विचारला तेव्हा गुरुजी म्हणाले, “म्हणजे वरून बघितलं, खाली उतरला नाही.”

रसेलच्या खंडांत जाती वर्णानुक्रमानं आहेत, त्यामुळं गुरुजींना सगळा जिल्हा खंडांत दिसतो. ढिवर दुसऱ्यात. गोंड, हलबा, कोहळी तिसऱ्यात. पोवार चौथ्यात. पूर्वी ते माणसाची ओळखही तशी करून द्यायचे, “हे आपले तिसऱ्या खंडातले.” लोक हसायचे. मग त्यांच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं चौथा खंड वाचायला नेला. महारांवरची पानं त्यात आहेत. दोन दिवसांनी त्यानं पुस्तक आणून दिलं, टेबलावर ठेवलं, चहा न घेता गेला. नोंदवहीतल्या ‘प्रकृती’च्या रकान्यात त्या दिवशी काही लिहिलेलं नाही. त्या रात्री गुरुजींनी ती पानं पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचली असावीत. आज तिथं समासात जागा उरलेली नाही. एका ठिकाणी पेन्सिलीचं टोक मोडून कागद फाटलाय. त्यानंतर त्यांनी कोणाला खंडावरून ओळखलं नाही. सहकारी दोन महिन्यांनी पुन्हा येऊ लागला. आता समासात काही शेरे त्याच्या अक्षरात आहेत, तेही शाईत. गुरुजींच्या पुस्तकात शाई चालवून घेतलेला तो एकटाच.

नातीनं मध्यंतरी दाखवलं की ते चारही खंड इंटरनेटवर फुकट आहेत. गुरुजी सबंध संध्याकाळ तिच्या मांडीवरच्या पडद्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “छान आहे. समास कुठं आहे?”

साकोलीकडच्या एका गोंड पाड्यावर मी त्यांच्यासोबत गेलो होतो. अंगणात एक म्हातारी मोहफुलं निवडत होती. गुरुजी बाजेवर बसले आणि तिसरा खंड उघडून गोंडांच्या लग्नाबद्दलचं मराठीत सांगू लागले: लग्नाआधी होणारा जावई सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबतो, मग त्याला मुलगी मिळते. म्हातारीनं फुलं निवडत ऐकून घेतलं.

“हे कोनं सांगतलन तुमाले?”

“एका साहेबानं. फार मोठं पुस्तक आहे.”

“काही वर्सं? आमचा तं पयल्या पावसातच मले घेऊन पराला.” बाजूच्या सुना तोंडाला पदर लावून हसल्या. “तो सायब किती दिस रायला आमच्या गावात?”

गुरुजी म्हणाले, साहेब दौऱ्यावर असायचे. हिवाळ्यात तंबू ठोकायचे, दोन-चार दिवस राहायचे.

“हिवाऱ्यात? मंग धान चुरन्याच्या दिसात आला अशीन. तवा कोनाले बोलायले टाइम रायते जी? जे तोंडात आलं ते सांगतलन अशीन कोनी.”

गुरुजींनी पेन्सिल काढली. मी वाकून बघितलं. ‘साहेब घोड्यावर होता’ नव्हतं. लिहिलं होतं: ‘साहेब चुरण्यात आला.’

आता त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाबद्दल. भंडारा जिल्ह्यावर गुरुजी एक ग्रंथ लिहितायत, तीस वर्षं. एक जाड, निळ्या पुठ्ठ्याची वही नेहमी पिशवीत असते. ती कोणालाही उघडू देत नाहीत. पुस्तक का निघत नाही, याचं त्यांच्याकडे कारण आहे, आणि ते कारण असं सप्रमाण आहे की वाद घालता येत नाही.

“हिस्लॉप बघा,” ते सांगतात. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे. गोंडांत फिरले, लिंगोची गाथा गोंडीतून टिपून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटहून परतताना ओढ्याला पूर होता, त्यात बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापले. “पुस्तक निघालं, माणूस नव्हता. आता फोर्साइथ. पुस्तक १८७१ चं, तो गेलाही १८७१ ला. आता आपला रसेल.” इथं आवाज खाली येतो. “३० डिसेंबर १९१५. ‘पर्शिया’ बोट. भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं उडवली. चार खंड दुसऱ्या वर्षी निघाले. आपल्या भागावर ज्यानं ज्यानं लिहिलं, त्याला छापलेलं पुस्तक बघायला मिळालं नाही. आणि तिघांतले दोघं पाण्यात.” मग काकूंकडे बघून, “आणि आपला जिल्हा तलावांचा.”

काकू म्हणतात, “म्हणूनच तर सांगते, नका लिहू. कपाट रिकामं करा.”

मी एकदा सांगून पाहिलं की व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं, मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं आणि त्यानंतर भरपूर जगले. गुरुजींनी मान हलवली. “एक माणदेशी, एक सोलापूरचे. कोरड्या मुलखातले. त्यांना आमचं पाणी बाधत नाही.” मग जरा थांबून, वेगळ्याच सुरात, “आपल्याबद्दल लिहायला स्कॉटलंडहून येतात, सोलापूरहून येतात. आपण रोवणी करतो.”

म्हणून ते डोंग्यात बसत नाहीत. वैनगंगेच्या काठावर उभे राहून नदीचा उगम, लांबी, उपनद्या तासभर सांगतील. पाय पाण्यात घालणार नाहीत.

गेल्या कार्तिकात मात्र वेगळंच घडलं. लाखनीच्या बाजूला एका जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या पारेवर आम्ही उभे होतो. कोहळ्यांनी असले तलाव कसे बांधले, पाणी सोडायला तुडुम कुठं बसवत, पाटाचं पाणी बांध्यांना कसं वाटून घेत, हे गुरुजी मला सांगत होते. खाली एक म्हातारा ढिवर जाळं सावरत ऐकत होता. मध्येच म्हणाला, “तुमच्या पुस्तकात मासोरीचं का लिवलं आहे जी?”

गुरुजींनी पानं चाळली. बरीच चाळली. “तलावातल्या मासळीबद्दल विशेष नाही.”

“तं मंग का लिवलन? या, बसा डोंग्यात. दाखवतो.”

गुरुजी दोन पावलं मागे सरले आणि त्याला हिस्लॉपपासून सगळं सांगितलं. ओढा, बोट, पाणबुडी. म्हाताऱ्यानं जाळ्याची गाठ सोडवत शांतपणे ऐकलं.

“दोघाई सायबाले पोवता येत नोहोतं का जी?”

गुरुजींनी तोंड उघडलं. मिटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पान काढता आलं नाही. मग त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं, १९०८ ची प्रत छातीशी धरली, आणि निळी वही माझ्या हातात दिली.

“ही इथंच राहू द्या. छापून व्हायची आहे.”

डोंगा हलला. कमळाच्या पानांतून वाट काढत तो मधल्या उघड्या पाण्यात गेला तोवर मी वही हातात धरून उभा होतो. मग तिकडून हाक आली, “लिहून घ्या जी!” मी वही उघडली. मला वाटलं होतं, कोरी असेल. ती प्रश्नांनी भरलेली होती. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘विचारावं’, मग गावाचं नाव, मग प्रश्न आणि खाली उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या. काही ओळी भरलेल्या, निरनिराळ्या वर्षांच्या शाईत. बऱ्याच तशाच.

“मरळ!” पाण्यावरून आवाज आला. “दाडक! अहो, दाडक लिहिलं का? याच्या दोन जाती आहेत म्हणतात हे!”

“ड की ढ?” मी ओरडलो.

डोंग्यात थोडी चर्चा झाली. गुरुजी उभे राहायला लागले, म्हाताऱ्यानं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

“ते असू द्या!” गुरुजी ओरडले. “आधी हात पुसा, आणि मग लिहा!”